अगदी खऱ्यासारखी

गुढीपाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मंडईबाहेर झेंडूचा भाव ऐकला की पुणेकरापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर "काल निम्म्याला होता" असं दोनदा ऐकवून पाव किलोवर यायचं, नाहीतर झेंडूवाल्याकडे पाठ फिरवून थेट बोहरी आळी गाठायची. दुसरा मार्ग धरणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं : "एकदाच काय तो खर्च, मग पाच वर्षं बघायला नको."

कोथरूडच्या एका सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी (सगळी सोसायटी त्यांना वहिनीच म्हणते, तेव्हा इथेही वहिनीच) हा हिशेब वीजबिलाच्या पाठीमागे रीतसर मांडला होता. पाडवा, चैत्रगौर, गणपती, दसरा, दिवाळी. झेंडू इतका, शेवंती इतकी, रिक्षा इतकी. गुणिले पाच. आकडा बघून घरातले काका म्हणाले, "एवढ्यात वॉशिंग मशीन येईल."

"म्हणूनच म्हणते, आर्टिफिशियल आणू."

घरातल्या आजींनी जप थांबवला. "आणि देवाला?"

"देवाला खरी. दाराला खोटी."

"देव येतो कुठून? दारातूनच ना?"

या प्रश्नासाठी वीजबिलाच्या पाठीमागे रकाना नव्हता.

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत बारमाही वसंत असतो. दुकानात शिरताना आधी मान खाली घालावी लागते, कारण छतापासून जांभळ्या विस्टेरियाच्या लडी लोंबत असतात आणि त्या केसांत अडकतात. ज्याला आपण फूल म्हणतो त्याला तिथे फूल म्हणत नाहीत. तिथे बंच असतो, स्टिक असते, वेल असते, लडी असते, आणि सगळ्यांचा मिळून 'माल' होतो. दुकानदार मालाकडे न बघता फक्त गिऱ्हाइकाच्या चपलांकडे बघून भाव सांगतो.

"ताई, हा साधा. हा सिल्कचा. आणि हा रिअल टच, हात लावून बघा." सिल्कच्या मालात रेशमाचा धागा औषधालाही नसतो, तो पॉलिएस्टर असतो. रिअल टचवर रबरासारखा लेप असतो आणि तो हाताला खरोखरच गार, ओलसर लागतो. वहिनींनी गुलाबाच्या एका पाकळीवर बोट फिरवलं तर तिथे दवबिंदू. पारदर्शक गोंदाचा, वाळून टणक झालेला. दवाचे वीस रुपये जास्त.

मग त्यांना एका पानाच्या कडेला तपकिरी डाग दिसला आणि मधोमध किडीने खाल्ल्याचं भोक.

"हे खराब निघालं. दुसरं द्या."

"खराब नाही ताई, ते महागातलं आहे. खऱ्यात असतं ना भोक, म्हणून ह्यात पण दिलंय."

फूल उत्पादक शेतकरी ते भोक पडू नये म्हणून फवारणीवर पैसे घालतो आणि इकडे तेच भोक पाडायला साचा लागतो. वहिनींनी ते पान घेतलं. घरी आल्यावर काकांनी ते कात्रीने कापून टाकलं, कारण त्यांना ते खराब वाटलं.

पण खरा पेच पुढे होता. चैत्राची सजावट म्हणून वहिनींनी पळस मागितला.

"पळस? म्हणजे कसं असतं?"

"केशरी. झाडाला पान नसतं, नुसती फुलं."

"पान नसलेलं कोण घेणार ताई? पांढरं चेरी ब्लॉसम बघा. पान त्यालाही नाही, पण ते चालतं."

पांगारा नव्हता. काटेसावर नव्हती. बहावा विचारला तेव्हा दुकानदाराने पुन्हा विस्टेरियाची लडी पुढे केली आणि "ह्यात पिवळा येईल पुढच्या लॉटमध्ये" असं आश्वासन दिलं. फाल्गुन-चैत्रात ताम्हिणीच्या रस्त्याने जाणारा माणूस ज्या फुलांसाठी गाडी थांबवतो, त्यातलं एकही फूल या बाजारात जन्माला आलेलं नाही. वसंत म्हणून इथे मिळतात ट्यूलिप, डॅफोडिल, हायड्रेंजिया आणि जपानची चेरी. ज्यांच्या खिडकीबाहेर मार्चपर्यंत बर्फ असतं अशा लोकांच्या आनंदासाठी हा वसंत बेतलेला आहे. चीनमध्ये यीवू नावाचं शहर आहे, तिथल्या अवाढव्य घाऊक बाजारात कृत्रिम फुलांचा स्वतंत्र विभागच आहे. तिथे जगाचा वसंत कार्टनमध्ये भरला जातो, आणि कोथरूडच्या पदरात पडतो तो बहुधा हॉलंडचा.

या धंद्याला हसण्याआधी एक नाव मात्र ध्यानात ठेवावं. हाँगकाँगचे ली का-शिंग यांनी 1950 साली प्लॅस्टिकच्या वस्तूंचा कारखाना काढला. इटलीत प्लॅस्टिकची फुलं खपतात असं कळल्यावर त्यांनी तो माल बनवायला घेतला आणि 'प्लॅस्टिकच्या फुलांचा राजा' अशी ख्याती मिळवली. मग त्या पैशातून जमिनी आणि इमारती घेत घेत ते आशियातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांच्या पंक्तीत जाऊन बसले. त्यांनी फुलं विकून जमिनी घेतल्या. आपल्याकडे गावची जमीन विकून फ्लॅट घेतात आणि मग त्यात ही फुलं लावतात, एवढाच काय तो फरक.

अर्थात, मराठी घरात खोटं फूल चीनने आणलं असं म्हणणं चीनवर अन्याय आहे. यीवूचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा, ऐंशीच्या दशकात, दर आळीत एक तरी बाई उन्हाळ्याच्या सुट्टीत 'स्टॉकिंगच्या फुलांचा क्लास' घ्यायची. बारीक तार वाकवून पाकळी करायची, तिच्यावर नायलॉनचा मोजा ताणायचा आणि दोऱ्याने करकचून आवळायचा. देठाला हिरवी टेप. परागांसाठी दोरा डिंकात बुडवून हळद घातलेल्या रव्यात घोळवायचा. हा रवा पुढे मुंग्या नेत, त्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात फूल नपुंसक होई. तरी ते टीव्हीवर, भरतकामाच्या रुमालावर, पितळी फुलदाणीत विराजमान असे. आणि धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी. पाहुण्यांना पिशवीतूनच फूल बघावं लागे. दसऱ्याला पिशवी बदलत.

शिवाय प्रत्येक घरात एक खोटा हार आधीपासून आहेच, ज्याला कुणीच खोटा म्हणत नाही. तो आजोबांच्या फोटोवर असतो, चंदनाच्या पातळ छिलक्यांचा. हा हार पंधरा-वीस वर्षं टिकतो आणि त्यावर जळमट धरलं तरच कुणाचं तरी लक्ष जातं. आजोबांना ताजा हार वर्षातून एकदा, पुण्यतिथीला. त्याबद्दल वाद झाल्याचं ऐकिवात नाही. आजींनाही हे माहीत आहे, म्हणून दारावरचा वाद त्यांनी फार ताणला नाही.

तर बंच घरी आले. कार्टनमध्ये कित्येक महिने दाबून राहिलेलं फूल घरी येतं तेव्हा ते फूल नसतं, ते पापड असतं. त्याला फुलवावं लागतं. इंटरनेटवर कुणीतरी सांगितलं होतं की हेअर ड्रायरची गरम हवा द्यावी. वहिनींनी दिली. पॉलिएस्टरच्या ट्यूलिपने मान डोलावली, पाकळ्या सैल केल्या, आणि हवा जरा जास्त झाली तशी आतल्या बाजूने आक्रसून त्याचं फरसाण झालं. उरलेली काकांनी हाताने उलगडायला घेतली. स्वस्तातल्या मालात पाकळ्यांचे थर देठाच्या टोकावर नुसते खोचलेले असतात, वर एक टोपण दाबलेलं. काकांनी पहिल्या फुलाला प्रेमाने ओढलं आणि ते डोक्यासकट हातात आलं. दुसऱ्याचंही आलं. संध्याकाळी टीपॉयवर मुंडकी एका ताटलीत आणि देठं एका बाजूला, असा देखावा बघून खालच्या मजल्यावरचे जोशी काका दारातूनच म्हणाले, "काही पूजा चाललीय का? मग येतो नंतर."

ग्लू गन आली. ग्लू गनने फुलाचं डोकं देठाला चिकटतं, अंगठा तर्जनीला चिकटतो आणि दोरे निघतात ते कोळ्याच्या जाळ्यासारखे हॉलभर उडत राहतात. रात्री साडेअकराला विस्टेरिया गॅलरीच्या दाराला लागला. काका स्टुलावरून उतरले, चार पावलं मागे गेले आणि म्हणाले, "छान. आता दार कुठून उघडायचं?"

पहिला आठवडा कौतुकात गेला. "अय्या, खरी वाटली!" हे वाक्य वहिनींनी प्रत्येकीकडून ऐकलं आणि प्रत्येक वेळी "नाही हो, आर्टिफिशियल आहेत" हे सांगताना त्यांना खऱ्या बागेच्या मालकिणीलाही होत नसेल असा अभिमान वाटला. एका मैत्रिणीने वास्तुशास्त्रात खोटी फुलं चालत नाहीत असं सांगून मिठाचा खडा टाकला. पण तीच मैत्रीण जाताना दुकानाचा पत्ता घेऊन गेली.

दुसऱ्या आठवड्यात धूळ आली. एप्रिलच्या पुण्यात, कुठे ना कुठे कायम खोदलेल्या रस्त्यांच्या शहरात, झाडाचं पान वाऱ्याने हलतं आणि थोडी तरी धूळ झटकतं. पॉलिएस्टरच्या पानाला ती अक्कल नसते. ते धूळ धरून ठेवतं. शिवाय ज्या फुलाला काही करावं लागत नाही म्हणून आणलं, त्याच्या प्रत्येक पाकळीला आत-बाहेर फडकं मारावं लागतं, हे कळायला कामवाल्या मावशींना एकच दिवस पुरला. त्यांनी त्याच दिवशी पगारवाढ मागितली. "भांडी, केर-लादी ठरलं होतं. बाग नव्हती ठरली."

घरगुती उपाय आहेत, नाहीत असं नाही. कागदाच्या पिशवीत जाडं मीठ घ्यायचं, त्यात फुलं उलटी धरून पिशवीचं तोंड आवळायचं आणि खळाखळा हलवायचं. धूळ मिठाला लागते, फूल उजळतं. उपाय खरा आहे. त्यात फक्त एवढंच होतं की ग्लू गनने जोडलेली मुंडकी मिठात राहतात आणि ती शोधायला पुन्हा हात घालावा लागतो. उरलेलं मीठ टाकवत नाही म्हणून काकांनी ते कैरीच्या लोणच्यासाठी बाजूला ठेवलं होतं. आजींनी वेळेवर पाहिलं.

मग साबणाच्या पाण्यात बुडवायचा प्रयोग. लाल गुलाबाचा रंग पाण्यात उतरला, पाण्यातून पांढऱ्या चेरीवर चढला, आणि बादलीत एक नवीन जात तयार झाली. देठातली लोखंडी तार गंजली. गॅलरीत लावलेल्या लडीचा रंग एप्रिलच्या उन्हाने असा उडाला की वरच्या मजल्यावरच्या सूनबाई खाली बघून म्हणाल्या, "वहिनी, पेस्टल शेड कुठे मिळाली हो? आम्ही कधीची शोधतोय."

सगळ्यात अवघड प्रसंग महापालिकेने आणला. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, त्यामुळे पालिकेचे कर्मचारी कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचे ट्रे आणि शोभेच्या बांबूची भांडी तपासत फिरतात. असेच एक जण आले. गॅलरीतल्या खऱ्या कुंड्या कोरड्या ठणठणीत होत्या, कारण त्यातली झाडं मार्चमध्येच गेली होती. त्यांनी कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या फिडल लीफच्या झाडाखालची ताटली उचलली. त्यात पाणी होतं, आणि पाण्यात वळवळ.

"ह्याला पाणी कोण घालतं?"

घरात शांतता पसरली. काका वर्तमानपत्रामागे गेले. रोज सकाळी सहाला उठून, कुणाला न सांगता, "झाड सुकायला नको" म्हणून ते दोन तांबे घालत होते. पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी वहीत काय लिहावं याचा थोडा विचार केला. बोहरी आळीतून आलेल्या त्या संपूर्ण बागेत जिवंत अशी एकच गोष्ट उगवली होती, आणि तिच्यावर त्यांनी औषध टाकलं.

सरकारही या फुलांबाबत काकांइतकंच गोंधळलेलं दिसतं. राज्यातल्या प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना 2018 च्या मार्चमध्ये, पाडव्याच्याच आठवड्यात निघाली, आणि ती बातमी लोकांनी प्लॅस्टिकच्या तोरणाखाली उभं राहून वाचली. 1 जुलै 2022 पासून केंद्राने एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या काही वस्तू देशभर बंद केल्या. त्यात कान कोरायच्या काडीची प्लॅस्टिकची दांडी गेली, फुग्याची काडी गेली, सजावटीचा थर्माकोल गेला. फुलाची काडी राहिली. आता एकदाच वापरायचं प्लॅस्टिक म्हणजे काय, यावर वाद घालायला वाव आहेच. वहिनींचा माल तर पाच वर्षांसाठी घेतलेला होता. फूल उत्पादकांना मात्र यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, आणि ते बरोबरच आहे. पॉलिहाउसचं कर्ज काढून जरबेरा घेणाऱ्याने लग्नाच्या मांडवात यीवूचा जरबेरा बघायचा. ते उच्च न्यायालयात गेले, आमदारांकडे गेले, आणि 2025 च्या पावसाळी अधिवेशनात कृत्रिम फुलांवरच्या बंदीचा विषय विधानसभेत निघाला. त्या सुमारास बोहरी आळीत गणपतीचा माल उतरत होता.

परदेशातल्या मराठी मंडळींना मात्र या फुलांना नावं ठेवलेली खपत नाहीत. ताजी पानं-फुलं विमानातून नेली तर उतरल्यावर काढून घेतात. प्लॅस्टिकच्या आंब्याच्या पानांचं तोरण निमूटपणे जातं. चीनहून रविवार पेठेत, रविवार पेठेतून न्यू जर्सीच्या दारावर, एवढा प्रवास करूनही ते पान हिरवंगार असतं. नेणाऱ्याची अवस्था इतकी बरी नसते.

आता चैत्रगौर. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, आणि मधल्या एका संध्याकाळी घरोघरी हळदीकुंकू. आंब्याची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे, मोगऱ्याचा गजरा आणि पायऱ्यापायऱ्यांची आरास. वहिनींनी उरलेला सगळा माल तिथे लावला. सगळ्यात वर, गौरीच्या दोन्ही बाजूंना, रिअल टचच्या ट्यूलिपचे दोन गुच्छ, जाड काचेच्या फुलदाण्यांत, आणि फुलदाण्यांत खरं पाणी. पाण्याची कल्पना काकांची. भाचा तळेगावला फुलांच्या व्यवसायात आहे, तो सकाळीच ताजी अँथुरियम देऊन गेला होता. लाल, चकचकीत, मेणाने घासल्यागत. ती खालच्या पायरीवर कलिंगडाच्या कमळाशेजारी बसवली.

बायका आल्या. खरं-खोटं ओळखण्याची परीक्षा आपल्याकडे एकच : नख. प्रत्येकीने बोलता बोलता अँथुरियमला अंगठ्याचं नख लावलं. "हे मात्र लगेच कळतं हं प्लॅस्टिकचं," एक म्हणाली आणि खात्रीसाठी अजून एकदा लावलं. तासाभरात अँथुरियमवर चंद्रकोरींची नक्षी उमटली. एकीने कलिंगडालाही लावलं. बोट लाल झाल्यावर तिने ते हळूच रुमालाला पुसलं आणि "हल्ली रंगही काढतात बाई खरा" असं शेजारणीला सांगितलं.

वरच्या पायरीपर्यंत कुणाचा हात पोचत नव्हता.

"आणि ट्यूलिप कुठून हो मिळाले या दिवसांत?" समोरच्या इमारतीतल्या देशपांडे काकूंनी विचारलं. त्या दोन वर्षांपूर्वी चैत्रातच श्रीनगरची ट्यूलिपची बाग बघून आल्या होत्या आणि तेव्हापासून सोसायटीत ट्यूलिपच्या विषयावर त्यांचाच शब्द अखेरचा होता.

वहिनींनी आजवर प्रत्येकीला खरं सांगितलं होतं. पण देशपांडे काकू फसल्यात, हे सुख काही वेगळंच होतं. "ओळखीतून आले," त्या म्हणाल्या. तसे ते आलेच होते.

"पाणी रोज बदलावं लागत असेल."

"रोज. सकाळी सहाला." हेही खोटं नव्हतं, फक्त कुंडी वेगळी होती.

आजींनी हरभऱ्याचं वाटप थांबवून तोंड उघडलं, तेव्हा वहिनींनी त्यांच्या बशीत आणखी एक डाव डाळ वाढली.

"मग असं करा," देशपांडे काकू उठता उठता म्हणाल्या, "फुलं वाळली की कांदे टाकू नका. श्रीनगरला माळ्याने सांगितलंय मला, ट्यूलिप कांद्यावर येतो. थंडीत लावायचा. एक मला ठेवा."

"ठेवते ना. दिवाळीनंतर या."

भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. काकांनी दार उघडलं. देशपांडे काकू उभ्या होत्या, हातात माती आणि शेणखत भरलेली कुंडी, आणि मागे ती धरायला आणलेला नातू.